वाचकांचे प्रश्न : फुटबॉलच्या मैदानाचे गवत

मागच्या अंकात फुटबॉलच्या मैदानांविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच तक्रार आहे, ती म्हणजे गवत टिकत नाही. म्हणून त्या प्रश्नाला सर्वांत जास्त जागा दिली आहे आणि बाकीची उत्तरे गरजेपुरती लिहिली आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या मैदानावर आम्ही दरवर्षी ऑक्टोबरमध्ये गोलपोस्टसमोर नवे गवत लावतो, पाणी आणि खत वेळेवर देतो, सामन्याच्या आदल्या दिवशी रोलरही फिरवतो. तरीही जानेवारी उजाडला की दोन्ही गोलपुढे टक्कल पडते. गवताची जात बदलावी का? – एक पदाधिकारी, कोल्हापूर

उत्तर : जात बदलण्याआधी फावडे हातात घ्यावे आणि त्या टकल्या पट्ट्याच्या कडेला वीतभर खोल असा मातीचा चौकोनी तुकडा अखंड काढून पाहावा. दोन वर्षांपूर्वी अशाच एका मैदानावर मला बोलावले होते, तेव्हा मी पहिले काम तेच केले. वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये पांढरी मुळी दिसत होती आणि त्याखाली एकही मूळ नव्हते. तिथून पुढची माती वडीसारखी थर धरून सुटत होती, तिचा रंग करडा-निळसर झाला होता आणि नाकाजवळ नेल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येत होता. मातीतली हवा संपली आणि पाणी साचून राहिले की असा वास येतो. तिथे कोणत्याही जातीचे मूळ उतरत नाही. त्यानंतर मी एक लांब पेचकस घेऊन मैदानाच्या चारही बाजूंना टोचून पाहिला. कॉर्नरच्या झेंड्याजवळ तो मुठीपर्यंत गेला, पण गोलपुढे दोन बोटांच्या पलीकडे हलेना. मैदानाची तपासणी करायला यापेक्षा महाग उपकरण सुरुवातीला लागत नाही.

आपल्या पत्रातला खरा दोषी रोलर आहे. आपल्याकडे बहुतेक मैदाने क्रिकेट आणि फुटबॉल या दोन्हींसाठी वापरली जातात आणि माळीकाम करणारी माणसे क्रिकेटवर तयार झालेली असतात. क्रिकेटच्या खेळपट्टीची माती दाबून घट्ट करायची असते, म्हणजे चेंडू उसळतो. फुटबॉलच्या मैदानाची माती मात्र मोकळी ठेवायची असते, म्हणजे मुळे उतरतात आणि बुटाचे खिळे रुततात. एकाच हाताला ही दोन उलट कामे सांगितली जातात आणि दर वेळी रोलर जिंकतो. त्यात काळी माती असेल तर ओली असताना ती लगेच दबते आणि वाळली की तडकते, त्यामुळे नुकसान दुप्पट होते. नवीन गवत लावल्यावर मुळांचा मातीशी संबंध यावा म्हणून एकदा हलका रोलर फिरवणे ठीक आहे. त्यापुढे त्याला शेडमध्येच राहू द्यावे.

उपाय असा. माती वाफशावर आली की पोकळ दात्यांच्या यंत्राने आठ-दहा सेंटिमीटर खोल आणि साधारण पाच सेंटिमीटर अंतरावर भोके पाडावीत, बाहेर आलेल्या मातीच्या गुंड्या झाडून काढाव्यात आणि त्या भोकांत वाळू झाडूने भरावी. यंत्र नसेल तर चार दातांचा बागेचा काटा घेऊन तो सरळ रोवावा, किंचित मागे रेलवावा आणि काढावा. गोलपुढचा भाग एवढा लहान असतो की दोन माणसे एका सकाळीत तो पुरा करतात. वाळूच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी हवी. भोके न पाडता चिकणमातीवर वाळूचा नुसता थर दिला, किंवा काळ्या मातीत थोडीशी वाळू कालवली, तर मैदान सुधारण्याऐवजी विटेसारखे होते. नदीची वाळू आता सहजी मिळत नाही आणि दगड फोडून केलेल्या वाळूत भुकटी फार असते, ती भोके बुजवते. म्हणून अशी वाळू धुऊन आणि चाळून घ्यावी आणि पाव ते एक मिलिमीटर जाडीचे कण जास्तीत जास्त राहतील असे पाहावे.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची आहे. साध्या मातीच्या मैदानावर आठवड्याला चार-सहा तासांहून जास्त खेळ झाला तर गवत भरून येत नाही, असा माझा अनुभव आहे. सामन्याचे नव्वद मिनिटे कोणी अडवणार नाही, पण सरावाला आणि सामन्याआधी गोलकीपरला तयार करायला नेमकी तीच सहा यार्डांची पेटी कशाला हवी? हलवता येणारे दोन गोलपोस्ट घेऊन सराव आडवा, दर आठवड्याला नव्या जागी घ्यावा. शेवटी, गोलच्या मागे चार-पाच मीटरचा एक वाफा त्याच मातीत, त्याच गवताचा वाढवून ठेवावा. हंगामात टक्कल पडलेच तर तिथून पाच सेंटिमीटर जाडीचे तुकडे कापून थेट बसवता येतात; ऑक्टोबरची वाट पाहावी लागत नाही.

प्रश्न : परदेशी मैदानांवरचे ‘बर्म्युडा’ गवत आणावे असे आमच्या क्लबच्या सभेत ठरत आहे. ते आपल्या हवेत जगेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : जगेल, कारण ते आपल्याकडचेच आहे. ज्याला जगभर बर्म्युडा म्हणतात ती आपली हरळी, म्हणजेच गणपतीला वाहतो ती दूर्वा. शेतकरी जिला शिव्या घालत जन्मभर खणून काढतो तिच्या अंगी असलेला चिवटपणाच फुटबॉलला हवा असतो. जमिनीवरून आणि जमिनीखालून धावणाऱ्या कांड्यांमुळे ती बुटाने उखडलेली जागा स्वतःच भरून काढते, आणि तापमान तिशीच्या वर गेले की अधिक जोमाने वाढते.

क्लबला मैदानासाठी जे विकत मिळेल ते बहुधा संकरित वाण असेल. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन येथे आपली हरळी आणि तिची आफ्रिकी बहीण यांच्या संकरातून तयार झालेले ‘टिफवे 419’ हे वाण 1960 मध्ये बाहेर आले आणि उष्ण देशांतल्या मैदानांवर पसरले. त्याचे पान बारीक आणि वाढ दाट असते. मात्र ते वांझ आहे, त्याला बी धरत नाही. म्हणून ते कांड्या पेरून किंवा तयार गादी अंथरूनच लावावे लागते. कोणी आपल्याला या वाणाचे बी विकू लागला तर व्यवहार तिथेच थांबवावा. बियाण्यावर येणारी वेगळी सुधारित हरळीही मिळते.

रोपवाटिकांत ‘कोरियन’ नावाने मिळणारे गादीसारखे गवत बंगल्यापुढे सुरेख दिसते, पण त्याची वाढ अतिशय मंद असल्याने एकदा उखडले की महिनोन्महिने भरत नाही. समुद्रकाठच्या खाऱ्या पाण्याच्या गावांनी सीशोर पास्पालमचा विचार जरूर करावा. 2022 च्या कतारमधल्या विश्वचषकात मैदानांवर तेच गवत होते.

प्रश्न : आमच्याकडे चार महिने पाऊस कोसळतो. लहानपणी आम्ही कापणी झालेल्या भातखाचरांत खेळलो. आता मुलांसाठी चांगले मैदान बांधायचे आहे. पाण्याच्या निचऱ्यावर एवढा खर्च खरोखर आवश्यक आहे का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : आपल्या पत्राला एका सामन्याचे उदाहरण देतो. 2017 साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला आणि त्याचे काही सामने आपल्या गावच्या फातोर्डा मैदानावरही झाले. त्या स्पर्धेतला इंग्लंड आणि ब्राझील यांचा उपांत्य सामना 25 ऑक्टोबर रोजी गुवाहाटीत व्हायचा होता. पण पावसाने तिथल्या मैदानाची अवस्था बिघडली आणि अवघे दोन दिवस उरले असताना सामना कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर हलवावा लागला. तिकिटे, विमाने, हॉटेले, दूरचित्रवाणीचे सगळे तंत्र अशी सारी व्यवस्था एका मैदानाच्या चिखलामुळे एका शहरातून दुसऱ्या शहरात गेली.

चांगल्या मैदानात वरून खाली असे थर असतात : सुमारे 30 सेंटिमीटर निवडक वाळू, तिच्याखाली सुमारे 10 सेंटिमीटर बारीक खडी, आणि त्याखाली चरांत साधारण पाच-पाच मीटरवर टाकलेले सच्छिद्र पाइप. यातली गंमत अशी की बारीक वाळूतले पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. ओला स्पंज तळहातावर आडवा धरला की थोड्या वेळाने ठिबकणे थांबते, तोच उभा केला की पुन्हा गळू लागतो. वाळूच्या थराचेही तसेच असते. पाऊस मोठा झाला की जादा पाणी खाली पळते आणि पाऊस थांबला की तळाच्या चार-दोन बोटांत ओल धरून राहते, ती उन्हाळ्यात मुळांच्या उपयोगी पडते. वाळू आणि खडी यांची जाडी एकमेकींना अनुरूप नसेल तर वाळू खडीत झिरपते आणि हा सगळा खेळ बिघडतो. तेव्हा ठेकेदाराने दाखवलेल्या नमुन्यावर न जाता प्रत्यक्ष ट्रकमधून उतरलेल्या मालाची चाळणी प्रयोगशाळेत करून घ्यावी.

एवढा खर्च झेपत नसेल तर निदान उतार तरी द्यावा. 68 मीटर रुंदीच्या मैदानाला मध्यापासून दोन्ही बाजूंना शंभराला एक असा उतार दिला तर मधली रेघ कडेपेक्षा 34 सेंटिमीटर उंच होते. कडेला जांभ्या दगडाचा उघडा चर काढून पाणी बाहेर न्यावे. आणि जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत मोठ्या माणसांचे सामने बंद ठेवावेत. भातखाचरातला फुटबॉल मलाही प्रिय आहे, पण खाचराची रचनाच पाणी साठवण्यासाठी केलेली असते.

प्रश्न : उन्हाळ्यात मैदानाला रोज किती पाणी द्यावे? आम्ही संध्याकाळी तासभर पाइप धरतो. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : हिशेब सोपा आहे, कारण एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मैदान 105 बाय 68 मीटर, म्हणजे 7,140 चौरस मीटर. एप्रिल-मे महिन्यांत हरळीला आपल्याकडे दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरले तर रोजचे 35,700 लिटर होतात, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर. तासभर पाइप धरून याच्या जवळपासही जाता येत नाही. वरचा पापुद्रा तेवढा भिजतो आणि मुळे पाण्याच्या मागे वर येतात.

मातीच्या मैदानाला रोज थोडे देण्याऐवजी दोन-तीन दिवसांआड भरपूर द्यावे. वाळूचे मैदान पाणी कमी धरते, त्याला खेप लवकर द्यावी लागते. वेळ मात्र पहाटेची असावी. संध्याकाळी भिजलेले पान रात्रभर ओले राहते आणि बुरशीला आमंत्रण मिळते. फवारे बसवलेले असतील तर मैदानावर सारख्या आकाराचे पंधरा-वीस रिकामे डबे मांडावेत, अर्धा तास फवारे चालू ठेवावेत आणि प्रत्येक डब्यातले पाणी पट्टीने मोजावे. एका डब्यात चार आणि दुसऱ्यात नऊ मिलिमीटर भरले तर आपल्या पिवळ्या डागांचे कारण खत नसून फवाऱ्याचे तोंड आहे हे कळते. सोलापूरसारख्या ठिकाणी एवढे पिण्याचे पाणी मैदानाला देणे शोभतही नाही. सांडपाणी शुद्ध करून वापरावे, फक्त त्यातल्या क्षारांची तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : येथील वेम्बलीच्या मैदानावर रात्री चाकांवरचे मोठे दिवे लावलेले पाहिले. आमच्या गावच्या स्टेडियमला गॅलरीवर छत बांधायचे चालले आहे, तिथेही असे दिवे लागतील का? – एक वाचक, लंडन (मूळ गाव कोल्हापूर जिल्ह्यात)

उत्तर : बहुधा नाही, आणि त्याचे कारण सूर्याची उंची हे आहे. 21 डिसेंबरला भर दुपारी कोल्हापुरात सूर्य क्षितिजापासून सुमारे 50 अंशांवर असतो, तर लंडनमध्ये जेमतेम 15 अंशांवर. मैदानाच्या दक्षिणेला 15 मीटर उंच गॅलरी आहे असे समजा. तिची सावली कोल्हापुरात साडेबारा मीटर पडेल आणि लंडनमध्ये 55 मीटरच्या पुढे जाईल. 68 मीटर रुंदीच्या मैदानातले 55 मीटर सावलीत, तेही ऐन हंगामात! म्हणून तिथे दिवे आणावे लागतात, आणि माती थंड पडू नये म्हणून जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या नेतात. तिथले गवतही निराळे, राय जातीचे, थंडीत वाढणारे. आपल्या उन्हाळ्यात ते जळून जाईल.

वेम्बलीने हा धडा महागात घेतला आहे. 2007 साली नवे स्टेडियम उघडल्यावर पहिल्या तीन वर्षांत तिथले गवत पुन्हा पुन्हा बदलावे लागले. 2010 मध्ये कृत्रिम धागे मातीत शिवलेले मैदान केले तेव्हा परिस्थिती सुधारली. हे धागे सुमारे 20 सेंटिमीटर खोल आणि दोन-दोन सेंटिमीटरवर रोवतात, म्हणजे दर चौरस मीटरला अडीच हजार टाके आणि आपल्या मापाच्या मैदानाला पावणेदोन कोटींहून अधिक. तरी वर दिसणाऱ्या पृष्ठभागात त्यांचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपासच असतो. बाकी खरे गवत, ज्याची मुळे या धाग्यांना गुंडाळून उभी राहतात.

छताबाबत मात्र गावकऱ्यांना एक सांगावे. हरळी सगळे सहन करते, पण सावली सहन करत नाही. तिला सहा ते आठ तास थेट ऊन हवेच. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात 1965 साली उघडलेल्या ॲस्ट्रोडोममध्ये पारदर्शक छताखाली खरे गवत लावले होते. चकाकीमुळे बेसबॉलच्या खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना म्हणून छताला रंग दिला, आणि गवत मेले. पुढच्या वर्षी तिथे कृत्रिम गालिचा आला. छताची कड मैदानाच्या किती आत येते आणि दक्षिण-पश्चिमेची सावली हिवाळ्यात दुपारी तीन वाजता कुठवर पोहोचते, हे दोन आकडे वास्तुविशारदाकडून लेखी घ्यावेत.

प्रश्न : ऑगस्टमध्ये मैदानावर अचानक पिवळे डाग पडले, युरिया दिला तरी वाढतच आहेत. सकाळी कावळे आणि बगळे मैदान उकरतात. – एक वाचक, सांगली

उत्तर : कावळ्यांनी आपले निदान केलेले आहे, ही हुमणी आहे. आपल्या भागातल्या ऊस शेतकऱ्यांना तिची ओळख करून द्यायला नको. डागाच्या कडेला हातभर चौकोन तीन बाजूंनी कापून गवत उलटावे. मुळे खाल्ली असतील तर ते सतरंजीसारखे सुटून येते आणि खाली इंग्रजी ‘सी’च्या आकारात वळलेल्या पांढऱ्या अळ्या दिसतात. एका चौकोनात चार-पाच सापडल्या तर उपाय करावाच. मेटारायझियम या अळी मारणाऱ्या बुरशीची आळवणी (पाण्यात कालवून मुळाशी ओतणे) पाऊस असताना, संध्याकाळी करावी. ऑगस्टपर्यंत अळी मोठी झालेली असल्याने यंदा पूर्ण गुण येणार नाही. पुढच्या वर्षी वळवाचा पहिला पाऊस पडला की कडुलिंब आणि बाभळीवर संध्याकाळी जमणारे भुंगेरे झाड हलवून गोळा करावेत आणि प्रकाश सापळे लावावेत. युरिया तूर्त बंद ठेवावा. ज्याला मूळच उरले नाही त्याला खताचा काय उपयोग?

प्रश्न : रेषा मारायला चुन्याची फक्की चालते का? – एक क्रीडाशिक्षक, सातारा

उत्तर : चुना नको. तो गवत जाळतो आणि घसरून पडलेल्या मुलाच्या डोळ्यांत गेला तर इजा करतो. खडूची भुकटी किंवा पाण्यात मिसळणारा पांढरा रंग वापरावा. रेषेची रुंदी 12 सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि सगळ्या रेषा सारख्याच रुंदीच्या असाव्यात.

प्रश्न : उत्पन्नासाठी आमचा क्लब मैदान लग्नसमारंभ आणि सभांना भाड्याने देतो. नुकसान कसे टाळावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : माझे मत विचाराल तर देऊ नये. पण क्लबांच्या तिजोऱ्या मी पाहिल्या आहेत, म्हणून एवढेच सुचवतो की कार्यक्रम हंगाम संपल्यावर, मे महिन्यात घ्यावेत, म्हणजे हरळीला भरून यायला ऊन आणि पाठोपाठ पाऊस मिळतो. मांडवाचे खांब जमिनीत न रोवता वाळूच्या पोत्यांवर किंवा वजनदार बैठकांवर उभे करावेत. गवतावरचे आच्छादन हवा जाऊ देणारे असावे आणि ते चोवीस तासांहून जास्त ठेवू नये, कारण उन्हात प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली गवत एका दुपारीत उकडते. ट्रक आणि जनरेटर कडेच्या रस्त्यावरच थांबावेत. स्वयंपाकाचा भाग मैदानाबाहेर हवा. सांडलेल्या गरम तेलाच्या डागावर वर्षभर काही उगवत नाही.

आणि परत ताबा घेताना ठेकेदाराच्या माणसासमोर मैदानावरून चुंबक ओढावा. लाऊडस्पीकरचे जुने चुंबक लाकडी पट्टीला बांधून दोरीने ओढले तरी काम होते. एका समारंभानंतर मंडपवाल्याने मैदान साफ झाल्याचे सांगितले होते, आणि आम्ही दोन तासांत अर्धा डबा खिळे, तारेचे तुकडे आणि पिना वेचल्या. दुसऱ्या दिवशी तिथे बारा वर्षांखालील मुलांचा सराव होता. अनामत रक्कम परत करण्याची तारीख या चुंबकाच्या फेरीनंतरची ठेवावी, आणि ते करारात लिहावे.